रूसो आडनावाचा माग: लुआरकाठचं मेर, केप आणि पर्थ

ताई, तुमचा प्रश्न आधी नीट मांडून घेते. तुमचे जावई मूळचे दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनचे. लेक-जावई आता ऑस्ट्रेलियात पर्थला असतात, नातूही तिथलाच. आडनाव रूसो, आपल्याकडे क्रिकेट पाहणाऱ्यांना रायली रूसोमुळे ओळखीचं झालेलं. जावयांच्या आजी सांगतात की आम्ही मूळचे फ्रान्सचे, तत्त्वज्ञ रूसोच्या घराण्यातले. घरात फ्रेम केलेलं कुलचिन्हही आहे. तुम्ही जावयांच्या पासपोर्टवरचं स्पेलिंग घेऊन फ्रान्सच्या आडनावांच्या सूचीत शोधलंत, तर तिथे एकही माणूस निघाला नाही. तुमच्या माहेरची सात पिढ्यांची नावं त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत आहेत, मग नातवाच्या वडिलांकडची बाजू कोरी का राहावी, असं तुम्ही विचारलंत.

ती कोरी राहणार नाही. वीसेक वर्षं मी परदेशी गेलेल्या कुटुंबांच्या वंशावळी शोधते आहे, आणि केपच्या फ्रेंच घराण्यांइतके सलग कागद फार थोड्यांचे मिळतात. फक्त तुम्ही सुरुवात चुकीच्या टोकाकडून केलीत.

स्पेलिंगचा घोळ आधी सोडवू. जावयांचं आडनाव आर-ओ, डबल एस, ओ-यू-डब्ल्यू असं लिहितात. फ्रेंच आडनाव आहे आर-ओ-यू, डबल एस, ई-ए-यू. कागदावर ही दोन निराळी आडनावं दिसतात, पण तुम्ही देवनागरीत दोन्ही ‘रूसो’ असंच लिहाल. तीनशे वर्षांपूर्वी केपच्या डच कारकुनापुढे एक फ्रेंच शेतकरी उभा राहिला, त्याने नाव सांगितलं, आणि कारकुनाने कानावर पडलं ते आपल्या डच सवयीने उतरवलं. उच्चार टिकला, अक्षरं बदलली. दक्षिण आफ्रिकेतली कितीतरी आडनावं अशीच घडली आहेत. क्रोन्ये म्हणजे मूळचे क्रोनिए, फिल्युन म्हणजे व्हिलियाँ, सिलियर्स म्हणजे सेलिए, पिनार म्हणजे पिनार्द. सेनेकाल हे तर सेनेशाल, म्हणजे सरदाराचा कारभार पाहणारा अधिकारी, आपल्या देशपांड्यांसारखं हुद्द्यावरून पडलेलं नाव. काही नावांत उलट झालं. क्रिकेटपटू मार्नस लाबुशेनचं स्पेलिंग बरंचसं फ्रेंच राहिलं, पण आफ्रिकान्स (केपमध्ये डचपासून घडलेली भाषा) बोलणाऱ्यांनी त्याचा उच्चार घशातला केला, आणि तो लहानपणी ऑस्ट्रेलियात गेल्यावर तिथल्या लोकांनी तिसराच उच्चार रूढ केला. म्हणून शोधताना आडनाव मोठ्याने म्हणा आणि त्या आवाजाची जितकी स्पेलिंगं सुचतील तितकी वहीत लिहून ठेवा. रूसोची मी स्वतः सात-आठ पाहिली आहेत.

आता ही माणसं तिथे गेली का आणि कशी, ते समजून घ्या, कारण कोणता कागद कुठे मिळेल ते त्यावरच ठरतं. फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांना ह्युगेनो म्हणत. १५९८ मध्ये चौथ्या हेन्रीने नांतचा आदेश काढून त्यांना आपला धर्म पाळायची मुभा दिली. त्याचाच नातू चौदावा लुई याने १६८५ च्या ऑक्टोबरमध्ये ती मुभा रद्द केली. प्रार्थनामंदिरं पाडली, पाद्र्यांना देश सोडायला लावला, पण सामान्य माणसांना मात्र देश सोडायला बंदी! पळताना सापडलेल्या पुरुषाला राजाच्या गलबतावर वल्ही मारायला पाठवत. त्याआधी चार वर्षं सैनिकांना प्रोटेस्टंटांच्या घरात मुक्कामाला घालून धर्म बदलायला लावायचे प्रकार सुरू झालेच होते. तरीही दीड-दोन लाख माणसं निसटली. कोणी इंग्लंडला, कोणी जिनिव्हाला, कोणी बर्लिनकडे, कोणी अमेरिकेत, आणि फार मोठ्या संख्येने हॉलंडला.

हॉलंडमध्ये निर्वासितांची गर्दी झाली होती आणि डच ईस्ट इंडिया कंपनीला केपमध्ये द्राक्षमळे लावणारे, गहू पिकवणारे हात हवे होते. १६८७ मध्ये कंपनीने ठरवलं की इच्छुक फ्रेंच कुटुंबांना फुकट नेऊन जमीन द्यायची. त्यांनी निष्ठेची शपथ घ्यायची आणि किमान पाच वर्षं तिथे राहायचं. ‘फोरस्खोटन’ हे जहाज १६८७ च्या ३१ डिसेंबरला निघालं आणि १३ एप्रिल १६८८ ला केपच्या उत्तरेला साल्दान्या उपसागरात लागलं. पाठोपाठ ‘ओस्टरलांड’, ‘चायना’, ‘झौड-बेफेलांड’ आणि आणखी काही. सगळे मिळून दोनशेच्या आत-बाहेर माणसं. एवढ्या थोड्या माणसांपासून आज लाखो लोकांची आडनावं आली आहेत. केपचा तेव्हाचा प्रमुख सायमन फान डर स्टेल याने त्यांना ड्राकेनस्टाइनच्या खोऱ्यात जमिनी दिल्या, पण डच शेतकऱ्यांच्या मध्ये मध्ये, म्हणजे त्यांची वेगळी वस्ती होऊ नये. त्या खोऱ्याच्या एका टोकाला आज फ्रान्सहूक, म्हणजे ‘फ्रेंचांचा कोपरा’ आहे. १७०१ मध्ये कंपनीने हुकूम काढला की मुलांना शाळेत डचच शिकवायची आणि फ्रेंच प्रवचन फक्त डच न येणाऱ्या म्हाताऱ्यांपुरतं. दोन-तीन पिढ्यांत भाषा गेली, आडनावं आणि मळ्यांची नावं उरली: ला मोत, ला प्रोव्हान्स, शांपान्य, बुर्गोन्य.

रूसो घराण्याचा केपमधला मूळपुरुष म्हणजे पिअर रूसो. हा लुआर नदीकाठच्या मेर गावचा. मेर हे ब्लुआ आणि ओर्लेआं या शहरांच्या मधलं छोटं गाव, त्या काळी प्रोटेस्टंटांचं चांगलंच बस्तान असलेलं. त्याची बायको आन रेतिफ, तीही मेरचीच. तिचा भाऊ फ्रान्सवा रेतिफसुद्धा केपला आला, आणि पुढे बोअर लोकांचा, म्हणजे तिथल्या डच वळणाच्या शेतकऱ्यांचा पुढारी म्हणून प्रसिद्ध झालेला पीट रेतीफ त्याच्याच वंशातला. त्याच ब्लुआ परिसरातले झां आणि गाब्रिएल ल रू ‘फोरस्खोटन’वर होते. म्हणजे एका टापूतली, एकमेकांच्या सोयऱ्यातली माणसं सोबतीने निघाली. हे माझ्या कामातलं सगळ्यात उपयोगी निरीक्षण आहे: माणूस एकटा फार क्वचित स्थलांतर करतो. एखाद्याच्या गावाचा पत्ता लागत नसेल तर त्याची बायको, त्याचे साक्षीदार, शेजारचा मळेवाला कुठून आले ते शोधावं. निम्म्या वेळा गाव तिथेच मिळतं.

पण तुम्ही मेरपासून सुरुवात करू नका. नातवापासून एक-एक पायरी मागे जा.

पहिली पायरी म्हणजे त्या आजी. आफ्रिकान्स घरांत मोठं जुनं बायबल असतं, त्याच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानांवर जन्म, बाप्तिस्मा, लग्नं, मृत्यू लिहिलेले असतात. आजींना ते काढायला सांगा. पणजोबांपर्यंतची नावं आणि गावं तिथे मिळतील.

दुसरी पायरी म्हणजे मृत्यूची सूचना. १८३४ पासून केप वसाहतीत कोणी वारलं की जवळच्या नातलगाने सरकारी छापील अर्ज भरून द्यायचा असे. मृताचं नाव, जन्मगाव, आईवडिलांची नावं, वय, व्यवसाय, लग्न झालेलं की नाही, कोणत्या दिवशी, कोणाच्या घरात वारला, मुलांची नावं, त्यातली सज्ञान कोण आणि अज्ञान कोण, मागे मालमत्ता काय. अर्धं-एक पान, पण तीन पिढ्या एका जागी. हे अर्ज केप टाउनच्या रोलंड स्ट्रीटवरच्या अभिलेखागारात आहेत आणि त्यातले बरेच फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. एक काळजी घ्या. वय आणि मुलांची नावं बहुधा बरोबर असतात, कारण भरणाऱ्याला ती माहीत असतात. मृताच्या आईवडिलांची नावं मात्र जावयाने नाहीतर शेजाऱ्याने आठवून लिहिलेली असू शकतात. ती बाप्तिस्म्याच्या नोंदीशी पडताळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बाप्तिस्म्याच्या वह्या ही तिसरी पायरी, आणि इथे तुम्हाला फार बरं वाटेल. केपच्या डच चर्चच्या वहीत बाळाचं नाव, बापाचं नाव, साक्षीदार, आणि आईचं तिच्या माहेरच्या आडनावासकट नाव असतं. फ्रान्समध्येही तसंच, बाई मरेपर्यंत माहेरच्या आडनावाने नोंदली जाते. आपल्याकडे लग्नात बाईचं आडनाव बदललं, कित्येक घरांत नावही बदललं, आणि तीन पिढ्यांपलीकडे पणजीचं माहेर कोणतं ते सांगता येत नाही. माझ्या स्वतःच्या पणजीचं माहेरचं नाव मला अजून मिळालेलं नाही. तुमच्या नातवाला मात्र वडिलांकडच्या नवव्या-दहाव्या पिढीतल्या आजीचं माहेर, रेतिफ, मेर, असं नीट सांगता येईल.

मुलांची नावं ठेवायची तिथली रीत ओळखून घ्या. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला बापाच्या आईचं. आजोबांचं नाव नातवाला ठेवणाऱ्या आपल्या लोकांना हे समजायला सोपं आहे. या रीतीमुळे अंदाज बांधता येतो: थोरल्याचं नाव डॅनिएल असेल तर आजोबा डॅनिएल असण्याची शक्यता मोठी. आणि याच रीतीमुळे फसगतही होते, कारण चार भावांच्या थोरल्या मुलांची नावं एकच निघतात. म्हणून तिथले लोक सहीत बापाचं नाव जोडत, डॅनिएल रूसो पीटरचा मुलगा, तेही ‘पी-झेड-एन’ असं आखडून. नावापुढची ती अडीच अक्षरं सोडून देऊ नका. मी एकदा सोडली होती. दोन पीटर चुलतभाऊ, जन्म दोन वर्षांच्या अंतराने, दोघांच्याही बायका मारिया. इंटरनेटवर कोणीतरी मांडलेली वंशावळ समोर होती, ती मी तशीच पुढे नेली. तीन महिने भलत्याच पीटरच्या फांदीवर काम करत राहिले. शेवटी एका मालमत्तेच्या यादीत माझा पीटर जिवंत असताना वारस म्हणून त्याच्या ‘विधवेचं’ नाव दिसलं, तेव्हा चूक कळली. ज्यांचं काम होतं त्यांना मी स्वतः फोन करून सांगितलं आणि सगळं पुन्हा केलं. तेव्हापासून मूळ नोंदीचं पान स्वतः पाहिल्याशिवाय एकही पिढी मी जोडत नाही.

तिथल्या छापील वंशावळींत तुम्हाला ‘बी-३ सी-१ डी-५’ असे आकडे दिसतील. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डे फिलियर्स नावाच्या संशोधकाने केपच्या जुन्या घराण्यांची मोठी सूची केली, पुढे पामा यांनी ती वाढवली, आणि ही खुणांची पद्धत सर्वमान्य झाली. मूळपुरुष ‘ए’. त्याची मुलं ‘बी’, नातवंडं ‘सी’. म्हणजे वरची खूण मूळपुरुषाच्या तिसऱ्या अपत्याच्या पहिल्या अपत्याचं पाचवं अपत्य. जावयांची खूण एकदा मिळाली की सगळ्या रूसो कुळात त्यांची जागा ठरली. सूचीत चुका आहेत, पण नकाशा म्हणून ती उत्तम आहे.

अशा रीतीने तुम्ही १६९० च्या दशकात पोचाल. ड्राकेनस्टाइनच्या चर्चच्या वह्या तेव्हापासूनच्या आहेत. त्याशिवाय दरवर्षीची कराची पत्रकं आहेत: घरात माणसं किती, गुरं किती, द्राक्षाच्या वेली किती, गहू किती पेरला. आणि एक सुंदर कागद म्हणजे १६९० च्या एप्रिलमधली मदतवाटपाची यादी. बटाव्हियाच्या, म्हणजे आजच्या जकार्ताच्या चर्चने पाठवलेले पैसे या फ्रेंच कुटुंबांत गरजेप्रमाणे वाटले गेले, त्याची ही नोंद. जहाजांच्या उतारूंच्या याद्या अपुऱ्या आहेत, त्यामुळे ही यादी म्हणजे जणू पहिली शिरगणतीच.

केपवरून थेट फ्रान्सला उडी मारण्याचा मोह होतो, पण मधे हॉलंड आहे. ही माणसं तिथे काही महिने, काही वर्षं राहिली, लग्नं केली, मुलं झाली. तिथे फ्रेंच बोलणाऱ्या प्रोटेस्टंटांची वालोन चर्चं होती, आणि त्यांच्या नोंदींची लाखो कार्डं तयार करून ठेवलेली आहेत. नाव, तारीख, चर्च, आणि नशीब असेल तर ‘अमुक गावचा’. त्यातल्या एका प्रकारच्या नोंदी वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं. फ्रान्समध्ये सैनिकांच्या धाकाने ज्यांनी धर्म सोडल्याची सही केली होती, ते हॉलंडला पोचल्यावर चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभे राहून ती चूक कबूल करत आणि पुन्हा समाजात घेतले जात. वहीत फक्त नाव, गाव आणि तारीख असते. मेरच्या माणसांसाठी रॉटरडॅम आधी पाहा, कारण प्रसिद्ध प्रोटेस्टंट धर्मशास्त्री पिअर ज्युरिए हा मेरमध्येच जन्मलेला, तिथेच पाद्री होता, आणि १६८१ पासून रॉटरडॅमच्या वालोन चर्चमध्ये होता. परक्या शहरात माणूस आपल्या गावच्या पाद्र्याकडे जाणारच.

आणि मग फ्रान्स. मेर आज लुआर-ए-शेर जिल्ह्यात येतं, त्याचं अभिलेखागार ब्लुआला आहे. फ्रान्समध्ये बाप्तिस्म्याच्या वह्या ठेवायचा राजाचा हुकूम १५३९ चा, आणि जवळजवळ सगळ्या जिल्ह्यांनी आपल्या वह्यांची पानं इंटरनेटवर फुकट खुली केली आहेत. अडचण एवढीच की १६८५ पूर्वीच्या प्रोटेस्टंट वह्या सगळीकडे टिकलेल्या नाहीत. तेव्हा दोन आडवाटा सांगते. एक, त्याच गावच्या कॅथलिक वहीत १६८५-८६ च्या पानांवर धर्म बदलणाऱ्यांच्या ओळी सापडतात. दोन, नोटरीची दप्तरं: लग्नाचे करार, वाटण्या, जमिनीची विक्री. पळून गेलेल्यांच्या जप्त मालमत्तेचे कागद पॅरिसच्या राष्ट्रीय अभिलेखागारात वेगळे लावलेले आहेत. वाचताना महिने सांभाळा. तिथे ‘७’ आकड्यापुढे ‘ब्र’ अशी अक्षरं दिसली तर तो सप्टेंबर. लॅटिनमध्ये सप्टेंबर म्हणजे सातवा, म्हणून ‘सात-ब्र’. तसंच आठचा ऑक्टोबर, नऊचा नोव्हेंबर, आणि रोमन दहाचा डिसेंबर. जुलै समजून वाचलंत तर लग्नाआधी मूल जन्मलेलं दिसेल.

आडनावांच्या वाटणीचा नकाशा दाखवणारी फ्रेंच सूची तुम्ही पाहिलीत, ती १८९१ नंतरच्या जन्मांवर आहे. तुमचा माणूस त्याआधी दोनशे वर्षांपूर्वीच देश सोडून गेला. शिवाय ‘रूसो’ म्हणजे तांबूस केसांचा. असा माणूस प्रत्येक गावात असायचा, त्यामुळे हे आडनाव फ्रान्सभर शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे पडलं. एका आडनावाचे म्हणजे एका कुळाचे, असं इथे मुळीच धरू नका.

म्हणूनच तत्त्वज्ञ रूसोचं नातं मला पटत नाही. त्याचा पूर्वज दिदिए रूसो पॅरिसजवळून १५४९ मध्येच जिनिव्हाला गेला होता, पिअरच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी. आजींना दुखवू नका, पण वंशावळीत ते लिहूही नका. कुलचिन्हाचंही तेच. आडनाव सांगितलं की चिन्ह छापून देणारी दुकानं जगभर आहेत. चिन्ह एका विशिष्ट कुटुंबाचं असतं, आडनावाचं नसतं. पिअर द्राक्षांच्या टापूतून आलेला, परक्या देशात जमीन फोडणारा माणूस होता, आणि नातवाला अभिमान वाटायला तेवढं भरपूर आहे.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाहीत. बापाकडची रेघ पूर्ण झाली की आजी-पणज्यांच्या रेघा सोडू नका. डच कंपनीने केपमध्ये गुलाम आणले, त्यात बंगाल, कोरोमंडल आणि मलबारचे शेकडो लोक होते. कागदावर त्यांचं नाव मालकाने दिलेलं, आणि आडनावाच्या जागी गाव: ‘फान बेंगाले’, ‘फान मलबार’. अँजेला फान बेंगाले ही अशीच एक. ती केपमधल्या डच वस्तीचा पहिला प्रमुख यान फान रीबेक याच्या घरात गुलाम होती, पुढे १६६६ मध्ये मुक्त झाली, १६६९ मध्ये तिने आर्नोल्डुस बासनशी लग्न केलं, आणि तिचे वंशज आज असंख्य आफ्रिकान्स घरांत आहेत. तिची मुलगी आना डे कोनिंग पुढे कॉन्स्टान्शिया मळ्याची मालकीण झाली. जुन्या केप घराण्यांच्या आईकडच्या रेघांत अशी बाई पुष्कळदा निघते. तुमच्या नातवाच्या वंशावळीत निघालीच, तर तिच्यामागे वही नसेल, माहेर नसेल, फक्त विकत घेतल्याचं ठिकाण असेल. तिचं नाव इतरांच्याच आकाराच्या अक्षरात लिहा, ही माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे.

डीएनए चाचणीबद्दल थोडक्यात: जावयांनी पुरुष-रेघेची चाचणी केली तर केपचे दोन रूसो एकाच पिअरचे आहेत का ते कळेल. फ्रान्सकडची जुळणी मात्र फारशी अपेक्षू नका, कारण हौसेखातर अशी चाचणी करणं तिथे कायद्याने मना आहे, त्यामुळे तुलनेला माणसंच कमी.

सध्या तुम्ही मला तीन गोष्टी कळवा: जावयांच्या आजोबांचं पूर्ण नाव मधल्या नावांसकट, ते कोणत्या गावी वारले, आणि आजींचं माहेरचं आडनाव. बायबलच्या त्या पानांचे फोटो खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढायला सांगा. शिवण जुनी असते, पुस्तक पूर्ण उघडून दाबू नका. आणि पान फाटलं असेल तरी ते लॅमिनेट करून घेऊ नका.